नियम सहावा: जो थोर, तो वर

"या वर्षी एकही भांडण होणार नाही! लिहून देते!" असं हजेरीताईंनी भर बैठकीत सांगितलं आणि खरोखरच लिहून दिलं. पुढे जे भांडण झालं ते त्या लिहिण्यावरूनच झालं, ही गोष्ट वेगळी!

हजेरीताई म्हणजे पेन्सिलच्या कारखान्यात फाटकालगतच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाई. सकाळी आठचा भोंगा वाजला की साडेतीनशे माणसं त्या खिडकीपुढून सरकत आत जायची आणि ताई एकेकाच्या नावापुढे खूण करत जायच्या. बाईंचं काम चोख होतं. खोड एकच, कुतूहल! डोक्यात एकदा 'असं का?' शिरलं, की ते पायातल्या काट्यासारखं सलत राहायचं. लाकूडखात्यातला एक सुतार रोज आठ वाजून चार मिनिटांनी यायचा. दुसऱ्या कुणी त्याला लेट लावून विषय संपवला असता. ताईंना प्रश्न पडला, रोज चारच मिनिटं कशी? तीन का नाहीत, पाच का नाहीत? शेवटी एक दिवस त्या त्याच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत चालत गेल्या, तेव्हा कळलं की वाटेत एक कुत्रं बसतं आणि त्याला टाळायला चार मिनिटांचा वळसा पडतो. तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

अशा बाईंना साहेबांनी व्हॉलीबॉल स्पर्धेचं चिटणीस केलं. कारण काय, तर अक्षर चांगलं!

कारखान्याची स्पर्धा दरवर्षीची. सहा खाती, सहा संघ: शिसं, लाकूड, कार्यालय, रंग, पॅकिंग आणि खोडरबर. संघात बायका-पुरुष एकत्र. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं आणि पहिल्या चार संघांनी उपांत्य फेरीत जायचं. आदल्या वर्षी लाकूड आणि शिसं बरोबरीत आले होते. साहेबांनी मोठ्या ऐटीत नाणं उडवलं, ते गटाराच्या जाळीतून थेट आत! एका कप्तानाला जाता जाता छापा दिसला, दुसऱ्याला काटा. त्यानंतर तीन महिने ती दोन खाती कँटीनमध्ये एका बाकावर बसली नाहीत.

म्हणून यंदा नियम करायचे ठरले. जेवणाची सुट्टी होऊन दहा मिनिटं झाली होती, साहेबांचा डबा टेबलावर उघडून ठेवलेला होता आणि हजेरीताईंचं पेन चालू होतं.

"साहेब, नियम पहिला, जास्त सामने जिंकेल तो वर. पण दोन संघांनी सारखेच सामने जिंकले तर?"

"तर त्यांच्या आपापसातल्या सामन्यांत कोण जिंकलं ते बघायचं."

"पण ते दोनदा खेळणार. एकदा हा जिंकला, एकदा तो, तर?"

"मग सेटचा फरक. जिंकलेल्यातून हरलेले वजा."

"तोही सारखाच निघाला तर?"

"मग गुणांचा फरक."

"आणि तोही जर—"

"पंचांनी ज्याला कमी वेळा ताकीद दिली तो वर!"

"आणि ताकीदसुद्धा सारख्याच वेळा—"

"ताई!" साहेबांनी डब्याकडे कळवळून पाहिलं. "मग ज्या संघाचं एकूण वय जास्त, तो वर! थोरांचा मान! झालं? आता जेवू मी?"

बैठकीत हशा पिकला. ताईंनी मात्र मान खाली घालून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नियम सहावा : एकूण वय जास्त तो संघ वर.' खाली साहेबांची सही घेतली. सही करताना साहेबांच्या तोंडात घास होता.

स्पर्धा सुरू झाली आणि ताईंच्या घरात दोन पक्ष पडले. ताईंचे यजमान रंगखात्याचे फोरमन आणि संघाचे कप्तान. यजमानांची धाकटी बहीण, म्हणजे ताईंच्या वन्सं, पॅकिंगच्या कप्तान. वन्सं दोन गल्ल्या सोडून राहायच्या, पण रोज संध्याकाळी आईला भेटायच्या निमित्ताने येऊन भावाला टोमणे मारून जायच्या. रंगखातं गेल्या अकरा वर्षांत एकदाही पहिल्या चारांत आलं नव्हतं. यजमानांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"एकदा! फक्त एकदा उपांत्य फेरीत खेळायचंय मला," ते म्हणायचे. "मग खुशाल निवृत्त करा."

"उपांत्य फेरीत चौथ्याची गाठ पहिल्याशीच का हो घालतात?" ताईंनी विचारलं. "दुसऱ्याशी का नाही?"

"अगं, जो पहिला आला त्याला काही फायदा नको का? म्हणून त्याला त्यातल्या त्यात सोपा गडी द्यायचा."

"म्हणजे तुम्ही एवढा जीव काढताय तो पहिल्याचा सोपा गडी व्हायला?"

यजमानांनी त्या रात्री दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

शेवटचा सामना झाला आणि हजेरीताई तक्ता घेऊन बसल्या. पहिलं शिसं, दुसरं लाकूड, तिसरं कार्यालय. चौथ्या जागेवर रंगखातं, चार विजय. आणि पॅकिंग, चार विजय! खोडरबर तीन विजयांसह तळाला.

ताई सरसावून बसल्या. नियम दोन. आपापसात? एकदा रंगखातं, एकदा पॅकिंग. नियम तीन. सेटचा फरक? दोघांचा उणे चार! ताईंच्या अंगावर शहारा आला. नियम चार. गुणांचा फरक? बेरीज चार वेळा केली. दोघांचा उणे अकरा! दोन अनोळखी माणसांच्या अंगठ्याचे ठसे एक निघावेत, तसं त्यांना वाटलं. त्यांनी पंचांची वही उघडली. ताकीद : रंगखातं तीन, पॅकिंग तीन.

"अगंबाई!" ताई खिडकीमागे एकट्याच ओरडल्या. "नियम सहावा!"

वयाचा दाखला म्हणजे सेवापुस्तक, आणि सेवापुस्तकं ज्यांच्या ताब्यात होती त्यांना सगळे फायलीवाले म्हणत. फायलीवाले दिवसभर कपाटांच्या दोन रांगांमध्ये बसायचे आणि कशालाही 'बरं' एवढंच म्हणायचे. त्यांनी बारा पुस्तकं काढली, बेरीज केली आणि कागद पुढे सरकवला. रंगखातं, सहा खेळाडू मिळून दोनशे अडुसष्ट वर्षं. पॅकिंग, दोनशे सत्तर!

पॅकिंगच्या लोकांनी खोकी वाजवून वाजवून छप्पर डोक्यावर घेतलं. यजमान घरी आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने.

"दोन वर्षांनी गेलं! अवघ्या दोन वर्षांनी! माझ्या मेल्याचं वय छप्पन्नच्या ऐवजी अठ्ठावन्न असतं तर निदान बरोबरी तरी झाली असती!"

कोपऱ्यात सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वरही केली नाही.

"छप्पन्न कुठलं? एकोणसाठ सरून महिना झाला तुला."

यजमान ताडकन उठून उभे राहिले.

"काय म्हणालीस आई?"

"तुझ्या वडिलांचं रस्ते बांधायचं काम. आज या गावी, उद्या त्या गावी. शाळेत घातलं तेव्हा तू नऊ वर्षांचा घोडा झाला होतास. पण ह्यांचा हिशोब ठरलेला, पहिलीत बसणारं मूल सहा वर्षांचं! मग ते कितीही असो. दोन वर्षांनी धाकटीला घातलं, तीही नऊची. तिलाही सहाच लावलं."

सासूबाईंनी ट्रंकेतून एक पत्र्याची डबी काढली. तिच्यात प्रसूतिगृहाचे दोन दाखले एकात एक घडी घालून ठेवलेले. घडीवर दोन्ही कागद विरले होते. आईचं नाव, तारीख, वर्ष, शिक्का, सगळं वाचता येत होतं. फक्त 'मुलगा की मुलगी' हा रकाना नेमका घडीत सापडून दोन्हीकडे भोक पडलं होतं. यजमानांनी जुन्या वर्षाचा दाखला उचलला आणि टुणकन उडी मारली. एकोणसाठाव्या वर्षी!

"अडुसष्ट अधिक तीन! दोनशे एकाहत्तर! एका वर्षाने आम्ही वर!"

"अहो, पण मग तुमचं—" ताई काही विचारणार होत्या.

"आता तुझं 'पण' नको!" यजमान गरजले. "आयुष्यात एकदा तरी प्रश्न विचारू नकोस!"

ताई गप्प बसल्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यांचे हजारो प्रश्न त्या माणसाने ऐकून घेतले होते. नेमका हा एक ऐकायचा राहिला.

सकाळी यजमानांनी दाखला फायलीवाल्यांपुढे ठेवला. फायलीवाले "बरं" म्हणाले आणि शिक्का मारला. रंगखातं दोनशे एकाहत्तर! बातमी दहाच्या चहाला पॅकिंगमध्ये पोहोचली. वन्संना हिशोब करायला वेळ लागला नाही.

"दादा एकोणसाठचा? मग मी काय चोपन्नची राहिले होय? माझ्याहून दोनच वर्षांनी तर मोठा आहे!"

जेवणाच्या सुट्टीत त्या आईकडे जाऊन दुसरा दाखला घेऊन आल्या. सत्तावन्न पूर्ण! पॅकिंग दोनशे त्र्याहत्तर!

मग काय विचारता! इतकी वर्षं ज्या माणसांनी पांढरे केस लपवले, ती एका दुपारीत म्हातारी व्हायला धावली. रंग घोटणाऱ्या गड्याने गावाकडच्या मामाचं पत्र आणलं आणि दोन वर्षं चढवून घेतली. दोनशे त्र्याहत्तर, दोनशे त्र्याहत्तर! "पुन्हा बरोबरी!" हजेरीताई टाळ्या पिटत म्हणाल्या आणि मग आपण चिटणीस आहोत हे आठवून गंभीर झाल्या. पॅकिंगमध्ये लेबलं लावणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना कुणी मावशी म्हटलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलायच्या नाहीत. त्यांनी बहिणीच्या लग्नाचा फोटो आणून चार वर्षं वाढवून घेतली आणि वर सांगितलं, "आजपासून मावशी म्हटलंत तरी चालेल!" कुणी जुनी डायरी आणली, कुणी शेजाऱ्यांना साक्षीला आणलं. कामाची वेळ संपली तेव्हा रंगखातं दोनशे अठ्ठ्याहत्तरवर होतं, पॅकिंग दोनशे एकोणऐंशीवर. एका दिवसात दोन्ही संघ मिळून एकोणीस वर्षांनी थोर झाले होते! एवढ्या वेगाने तर शिसंही झिजत नाही.

फायलीवाले प्रत्येकाला "बरं" म्हणत होते आणि लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या खिडकीशी यजमान आले. ताईंनी नेहमीप्रमाणे वही उघडली, तर यजमानांच्या नावावर लाल रेघ! सोबत एक लिफाफा. यजमानांनी तो तिथेच फोडला आणि मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या ओळीला आवाज बसला.

'दाखल पुराव्यानुसार आपले वय एकोणसाठ वर्षे एक महिना ठरत आहे. कारखान्यातील निवृत्तीचे वय अठ्ठावन्न असल्याने आपण तेरा महिन्यांपूर्वीच निवृत्त झाला आहात. असे असूनही आपण रोज कामावर का येता, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.'

"अगं," यजमान खिडकीची जाळी धरून म्हणाले, "हे काय गं?"

"तेच विचारत होते मी परवा!" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही 'पण'वरच अडवलंत!"

त्या लिफाफ्याची वार्ता फुटली आणि फायलीवाल्यांच्या दारात रांग लागली. सगळ्यांना पुन्हा तरुण व्हायचं होतं. मामाचं अक्षर भलत्याच कुणाचं तरी निघालं. डायरी शेजाऱ्याची निघाली. लेबलवाल्या बाईंनी तर फोटोतली ती आपण नव्हेच, असं छातीठोकपणे सांगितलं. दुपारपर्यंत दहाही जणांची वर्षं होती तिथे गेली. उरले फक्त भाऊ-बहीण.

"तुमचा पुरावा पक्का आहे," फायलीवाले म्हणाले. इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "प्रसूतिगृहाचा शिक्का आहे. खोडता येणार नाही."

"अहो, आईला नीट आठवत नाही!" यजमान काकुळतीला आले. "ऐंशी पार केलीय तिने! भलताच दाखला दिला असेल!"

"बरं. मग आईंना आणा."

सासूबाई आल्या त्या तणतणतच. बाहेर पॅसेजमध्ये यजमान त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते, आणि सगळा कारखाना ऐकत होता.

"मला आठवत नाही? मला? तू जन्मलास तेव्हा मी जागी होते, तू नव्हतास! आणि तू मला सांगणार केव्हा जन्मलास ते?"

"आई, हळू! अगं, नोकरी जातेय माझी!"

"जाऊ दे की! एकोणसाठचा झालास ना?"

"मग मी घरी बसून काय करू?"

या प्रश्नावर सासूबाई थबकल्या. मुलाकडे त्यांनी नीट पाहिलं. फोरमन म्हणून ज्याच्या आवाजाने रंगाच्या कढया हलायच्या, तो माणूस पुसलेल्या पाटीसारखा उभा होता. नखांच्या कडांना पिवळा रंग. गेली तेहेतीस वर्षं तो रंग कधी निघाला नव्हता, आणि त्याला कधी काढायचाही नव्हता. हजेरीताईंनी हे पाहिलं आणि मान वळवली.

आत साहेब, फायलीवाले, यजमान, वन्सं, हजेरीताई, सगळे टेबलाभोवती. टेबलावर दोन दाखले.

"आजी," साहेबांनी विचारलं, "हे दाखले खरे?"

"खरे. दोन्ही खरे."

यजमानांनी डोळे मिटले.

"पण पोरांनी ते उलटेपालटे उचलले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी जुना कागद उचलला आणि मुलीपुढे ठेवला, नवा मुलापुढे. "हा हिचा. तो ह्याचा. मोठी ही. हा धाकटा."

फायलीवाल्यांनी कागद उजेडापुढे धरला. मुलगा-मुलगीच्या जागी भोक. भोकातून त्यांना साहेब दिसले.

"म्हणजे..." यजमानांना हिशोब लागेना. "मी सत्तावन्न? आणि ही एकोणसाठ?"

सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं. आता भडका उडणार! वन्संनी आईकडे बघितलं, भावाकडे बघितलं, पदराने कपाळ पुसलं.

"बरोबर आहे आईचं," त्या म्हणाल्या. "मीच मोठी. लहानपणी मीच ह्याचं नाक पुसायचे."

"अगं, पण तू निवृत्त होशील!" यजमान ओरडले.

"होऊ दे. अठ्ठावीस वर्षं खोकी चिकटवतेय मी. स्वप्नातसुद्धा डिंक येतो. साहेब, पत्र कधी देताय?"

"बरं," फायलीवाले म्हणाले आणि शिक्का मारला.

पॅसेजमध्ये रंगखात्याने यजमानांना खांद्यावर घेतलं. नोकरी वाचली होतीच, पण साहेबांनी लगोलग दुसरी गोष्ट जाहीर केली. वन्सं तेरा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या, म्हणजे त्या कारखान्याच्या खेळाडूच नव्हत्या! त्यांच्यासकट खेळलेला पॅकिंगचा प्रत्येक सामना रद्द! पॅकिंग बाद!

"म्हणजे चौथे आम्ही!" यजमान वरूनच ओरडले. "अकरा वर्षांनी! रंगखातं उपांत्य फेरीत!"

पॅकिंगची माणसं खोक्यांसारखी चपटी झाली. पेढ्यांचा विषय निघाला, कुणीतरी हार आणायला धावलंसुद्धा.

आणि इकडे हजेरीताई खिडकीमागे बसून तक्त्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना एक साधासा प्रश्न पडला होता. सामने रद्द म्हणजे नुसते पॅकिंगचेच विजय रद्द? की पॅकिंगला ज्यांनी हरवलं, त्यांचेसुद्धा?

त्या उठून साहेबांकडे गेल्या. साहेब नेमके डबा उघडत होते.

"अर्थात दोन्ही! सामना झालाच नाही म्हटल्यावर जिंकला कोण आणि हरला कोण?"

"मग तक्ता पुन्हा मांडावा लागेल."

"मांडा की! मला विचारू नका!"

ताईंनी कोरा कागद घेतला. शिशाचे दोन विजय गेले, सहा उरले. लाकडाचे दोन गेले, चार उरले. कार्यालयाचा एक गेला, चार उरले. रंगखातं... पॅकिंगला एकदा हरवलं होतं. एक गेला. तीन उरले.

खोडरबर. तीन विजय. पॅकिंगला त्यांनी कधी हरवलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचं काहीच गेलं नाही. तीन उरले.

पुन्हा बरोबरी!

ताईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. इथे शहाणी बाई असती तर तिने कागद घडी घालून पर्समध्ये टाकला असता. बाहेर रंगखात्याच्या खांद्यावर नवरा नाचत होता. सहावा नियम असूनसुद्धा अखेर सगळं गोड झालं होतं. पण ताईंना राहवेना. त्यांनी नियम दोनवर बोट ठेवलं आणि आपापसातले सामने काढले. रंग विरुद्ध खोडरबर, पहिला सामना : खोडरबर विजयी. दुसरा सामना : खोडरबर विजयी.

त्यांना आठवलं. त्या दोन्ही दिवशी यजमान घरी येऊन म्हणाले होते, "खोडरबरचं काय घेऊन बसलीस, त्यांच्यासमोर आम्ही हसतखेळत खेळलो!" हसतखेळत हरले होते ते!

वय काढायची वेळच आली नाही. दुसऱ्याच नियमाला निकाल लागला.

"अहो," ताई बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "जरा खाली उतरता का?"

खोडरबर खातं कारखान्याच्या अगदी मागच्या टोकाला. तिथे बातमी द्यायला ताई स्वतः गेल्या. त्या खात्यातल्या लोकांना वयाचं, दाखल्यांचं, निवृत्तीचं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. यंत्राच्या आवाजात तिथे भोंगासुद्धा नीट ऐकू यायचा नाही. त्यांच्या संघाच्या बनियनींनी आठवड्यापूर्वीच यंत्रं पुसायला सुरुवात झाली होती.

"उपांत्य फेरी?" त्यांचा कप्तान भांबावून म्हणाला. "आम्ही? आम्ही तर शेवटचे आलो होतो!"

"होतात. आता चौथे आलात."

"मधल्या काळात आम्ही काय केलं?"

"काहीच नाही," ताई म्हणाल्या. "म्हणूनच."

सामना शनिवारी दुपारी, शिसं विरुद्ध खोडरबर. खोडरबरच्या बनियनी धुऊन आणल्या होत्या, पण त्यांवर तेलाचे डाग तसेच होते, त्यामुळे पाठीवरचा तीन आकडा कुणाचा आणि आठ कुणाचा ते पंचांना कळत नव्हतं. भिंतीकडेच्या बाकावर यजमान, वन्सं आणि हजेरीताई शेजारी शेजारी बसले होते. वन्संच्या पिशवीत निवृत्तीचं पत्र होतं आणि चेहरा असा, की दहा वर्षांनी लहान वाटाव्यात.

यजमान बराच वेळ चपलेने माती उकरत होते. शेवटी म्हणाले, "तू का केलंस असं? खरं सांग."

"सांगितलं ना, डिंक."

"खरं सांग म्हटलं ना!"

वन्सं मैदानाकडे बघत राहिल्या. "मला घरी करमेल रे. माझं मला पुष्कळ आहे. तू घरी बसला असतास तर आठ दिवसांत भिंतींना रंग लावत सुटला असतास. वहिनीचे काय हाल झाले असते?"

यजमानांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

"बघ," वन्सं म्हणाल्या, "अजून पुसायला शिकला नाहीस! आणि हे बघ, कागदोपत्री आता मी थोरली आहे. मला अगं-तुगं बंद. ताई म्हणायचं."

"दोन वर्षांनी लहान आहेस माझ्याहून!"

"सेवापुस्तक दाखवू?"

"...ताई," यजमान दातओठ खात म्हणाले.

"शहाणा माझा. जा, तीन कप चहा घेऊन ये. धाकट्याने उठायचं असतं."

यजमान उठले. कँटीन काही लांब नव्हतं, मैदानाच्या त्या कोपऱ्यालाच. तीनपैकी पहिला सेट शिशाने नुकताच जिंकला होता आणि दुसऱ्याची पहिली सर्व्हिस व्हायची होती. अकरा वर्षं ज्या फेरीची वाट बघितली, ती निदान बघायला तरी मिळावी म्हणून यजमान भराभर गेले आणि तीन कप दोन हातांत तोलत, बोटं भाजून घेत परत आले. बघतात तर काय, मैदानावर कुणीच नाही! जाळी सोडवायला माणूस आला होता.

"हे काय? सामना थांबवला का?"

"संपला," हजेरीताई म्हणाल्या.

"संपला? अगं, मी आत्ता चहा आणायला गेलो!"

"चौकशी केली मी पंचांकडे," ताई कप हातात घेत जरा ओशाळून म्हणाल्या. "शिशाला दुसरा सेट जिंकायला सव्वासहा मिनिटं लागली म्हणे. तुमच्या चहाला आठ लागली."